अँपार्फे द्यु सब्जोंक्तिफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात सब्जोंक्तिफ, म्हणजे इच्छा-शंका यांच्या पोटवाक्यात येणारं क्रियापदाचं रूप, शिकून होतं, 'इल फो क' ('करायला हवं') नंतर काय येतं ते पाठ होतं, आणि मग कुणीतरी हौसेने जुनी फ्रेंच कादंबरी उघडतं. दहाव्या पानाच्या आत एक रूप असं भेटतं की ते धड भूतकाळ वाटत नाही आणि शिकलेलं सब्जोंक्तिफही वाटत नाही. वर टोपी असते, शेवटी टी असतो. मी फ्रेंच शिकवते आणि या रूपाबद्दल दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवते आहे.

उच्चार देवनागरीत जमेल तितके जवळचे दिले आहेत. जिथे मुद्दा स्पेलिंगचा आहे तिथे अक्षरांची नावं आपण रोज म्हणतो तशीच घेतली आहेत: ए, ई, आय, यू, एस, टी. 'टोपी' म्हणजे अर्थातच स्वरावरची सिर्कोंफ्लेक्स ही खूण.

हे रूप येतं कुठे?

इच्छा, भीती, शंका, गरज यांच्यामागून येणाऱ्या पोटवाक्यात सब्जोंक्तिफ येतं, हे तुम्हाला माहीत आहे. जुन्या नियमाप्रमाणे मुख्य वाक्य भूतकाळात गेलं की पोटवाक्यातल्या सब्जोंक्तिफनेही मागे सरकायचं असतं. 'झ स्वेत किल व्हिएन' म्हणजे 'त्याने यावं अशी माझी इच्छा आहे'. आता 'इच्छा होती' म्हणायचं तर 'झ स्वेते किल व्हँ'. व्हिएनचं व्हँ झालं. हेच अँपार्फे द्यु सब्जोंक्तिफ.

आता मराठी वाक्य पाहा. 'त्याने यावं अशी माझी इच्छा आहे', 'त्याने यावं अशी माझी इच्छा होती'. आपलं 'यावं' जागचं हलत नाही. आजची बोली फ्रेंचही तेच करते: 'झ स्वेते किल व्हिएन'. म्हणून मराठी विद्यार्थ्याला आजची पद्धत लगेच पटते आणि जुनी पद्धत उगाच वाढवून ठेवल्यासारखी वाटते. तिच्यात तर्क मात्र पक्का आहे. पोटवाक्यातली क्रिया मुख्य क्रियेच्या वेळची किंवा तिच्या नंतरची असेल तर अँपार्फे. आधीच होऊन गेलेली असेल तर प्ल्यु-क-पार्फे, म्हणजे 'किल फ्यु व्हन्यु', 'तो येऊन गेलेला असावा' अशा अर्थाने. त्यातही सहायक क्रियापद अँपार्फेतच असतं, त्यामुळे एक शिकलात की दुसरं आपोआप हाती येतं.

रूप बनवायचं कसं?

पासे सँप्ल, म्हणजे कादंबऱ्यांतला साधा भूतकाळ, त्यातलं 'त्यु'चं ('तू'चं) रूप घ्या आणि त्याला एस-ई जोडा. एवढंच. 'त्यु पार्ला' या रूपाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी न उच्चारला जाणारा एस आहे. त्याच्यापुढे एस-ई लावलं की 'पार्लास'. पूर्ण रूपं अशी होतात: क झ पार्लास, क त्यु पार्लास, किल पार्ला, क नू पार्लासियों, क व्हू पार्लासिए, किल पार्लास.

मोठ्याने म्हणून पाहा. सहा रूपं आहेत, पण कानाला चारच आवाज ऐकू येतात. झ, त्यु आणि अनेकवचनी इल यांचा उच्चार एकच, फरक फक्त स्पेलिंगमध्ये: पहिल्याच्या शेवटी ई, दुसऱ्याच्या ई-एस, तिसऱ्याच्या ई-एन-टी. नू आणि व्हू यांना तर नेहमीचेच आय-ओ-एन-एस आणि आय-ई-झेड लागतात. नवीन म्हणावं असं एकच रूप उरतं, ते म्हणजे 'किल पार्ला'. त्यात डबल एस नाही. स्वरावर टोपी आणि शेवटी टी.

वाचायला म्हणून शिकत असाल तर सगळी मेहनत या एका रूपावर घाला. कादंबरीतलं निवेदन बहुतेक 'तो' आणि 'ती' यांच्याबद्दलच असतं, त्यामुळे छापील पानावर तुमची गाठ याच रूपाशी पडते. 'क नू पार्लासियों' तुम्हाला वर्षात एकदाही दिसणार नाही.

मला पासे सँप्लच नीट येत नाही. मग?

मग खरी अडचण तिथे आहे, इथे नाही. अँपार्फे द्यु सब्जोंक्तिफ अवघड वाटतं असं सांगणाऱ्या दहा जणांना मी पासे सँप्ल विचारते, आणि दहाही जण तिथेच अडखळतात. पासे सँप्ल शिका, हे रूप त्याच्या पोटातच आहे.

चार स्वर लक्षात ठेवायचे. पहिला ए: ई-आर वर संपणारी सगळी क्रियापदं, 'आले' (जाणं) सुद्धा ('क झालास', 'किलाला'). दुसरा आय: फिनीर, पार्तीर, व्हाँद्र, प्राँद्र, मेत्र, दीर, फेर, व्वार. तिसरा यू: एत्र, आव्वार, पुव्वार, साव्वार, दव्वार, व्हुल्वार, लीर, कुरीर, मुरीर. चौथा आय-एन, आणि हा फक्त व्हनीर, तनीर आणि त्यांच्यापासून बनलेल्या क्रियापदांना लागतो.

पार्तिसिप पासेवरून, म्हणजे भूतकाळवाचक कृदंतावरून, अंदाज बांधता येतो, पण त्याच्यावर विसंबू नका. 'प्री'वरून 'प्री', 'कुर्यु'वरून 'कुर्यु', हे सरळ आहे. पण व्वारचं पार्तिसिप 'व्ह्यु' असूनही पासे सँप्ल 'व्ही' आहे, म्हणून 'किल व्ही'. व्हाँद्रचं पार्तिसिप 'व्हाँद्यु', पण रूप 'व्हाँदी'. व्हनीरचं 'व्हन्यु', पण रूप 'व्हँ'. नेत्र म्हणजे जन्मणं, त्याचं पार्तिसिप नुसतं 'ने' आणि पासे सँप्ल 'नाकी', म्हणून 'किल नाकी'. व्हीव्र म्हणजे जगणं, त्याचं 'व्हेक्यु'. एक्रीरचं 'एक्रिव्ही', काँद्युइरचं 'काँद्युइझी', क्रँद्रचं 'क्रेन्यी'. ही पाठच करावी लागतात, दुसरा उपाय नाही.

एत्र आणि आव्वार ही सहायक क्रियापदं मात्र तोंडपाठ हवीत, कारण प्ल्यु-क-पार्फे त्यांच्यावरच उभं आहे. एत्र: फ्युस, फ्युस, फ्यु, फ्युसियों, फ्युसिए, फ्युस. आव्वार: युस, युस, यु, युसियों, युसिए, युस. आव्वारच्या रूपांत स्पेलिंग ई-यू असं असलं तरी उच्चार नुसता 'यु'चाच आहे. इथे ई बोलायचा नाही, ही चूक फार होते.

ही टोपी आली कुठून?

एका गळून पडलेल्या एसची ती खूण आहे. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आलेल्या या रूपात टीच्या आधी एस होता. पुढे तो उच्चारातून गेला आणि नंतर लिहिण्यातूनही. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या १७४० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत असे शेकडो मुके एस काढून त्यांच्या जागी टोपी बसवली गेली. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे हॉस्पिटल. इंग्रजीने एस ठेवला, फ्रेंचने तो टाकून 'ओपिताल'मधल्या ओवर टोपी चढवली. फॉरेस्ट आणि 'फोरे' यांचंही तसंच.

हे लक्षात आलं की 'झ'च्या रूपातला डबल एस आणि 'इल'च्या रूपातली टोपी या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. एस दोन्हीकडे आहे. एकीकडे तो लिहिलेला आहे, दुसरीकडे टोपीखाली गेला आहे. हे मला शिकताना कुणी सांगितलं असतं तर माझा एक अख्खा महिना वाचला असता.

१९९० मध्ये फ्रान्सच्या राजपत्रात स्पेलिंगच्या ज्या सुधारणा आल्या, त्यांत आय आणि यू यांवरच्या पुष्कळ टोप्या वैकल्पिक झाल्या. या रूपावरची टोपी मात्र ठेवली, कारण ती काढली तर पुढच्या प्रश्नातला घोळ सुटणारच नाही.

'फ्यु' टोपीचा की बिनटोपीचा, कसं ओळखायचं?

दोन्हींचा उच्चार एकच. बिनटोपीचा पासे सँप्ल, टोपीचा सब्जोंक्तिफ. ए-स्वराच्या क्रियापदांत ही अडचण येत नाही, कारण 'इल पार्ला'च्या पासे सँप्लमध्ये टी नसतो आणि सब्जोंक्तिफमध्ये असतो. आय, यू आणि आय-एन यांच्यात टी दोन्हीकडे आहे, तेव्हा सगळा भार टोपीवर.

लिहिताना दोन कसोट्या वापरा. पहिली, वाक्य आजच्या बोलीत आणा. 'फ्यु'च्या जागी 'एते' बसलं तर टोपी नको, 'स्वा' बसलं तर टोपी हवी. 'बिएँ किल फ्यु फातिगे', तो दमलेला असला तरी: इथे 'बिएँ किल स्वा' म्हणता येतं, म्हणून टोपी. दुसरी कसोटी, कर्ता अनेकवचनी करा. 'फ्युर' आलं तर पासे सँप्ल, 'फ्युस' आलं तर सब्जोंक्तिफ. फ्रान्समधल्या शाळांतही हेच शिकवतात.

सगळ्यात जास्त चुका 'आव्हाँ क' आणि 'आप्रे क' या जोडीत होतात. 'आव्हाँ क' म्हणजे आधी, तिथे गोष्ट अजून घडलेली नाही, म्हणून सब्जोंक्तिफ: 'आव्हाँ किल फ्यु पार्ती', टोपीसह. 'आप्रे क' म्हणजे नंतर, गोष्ट घडून गेली, ती वस्तुस्थिती आहे, म्हणून 'आप्रे किल फ्यु पार्ती', बिनटोपीचं. ऐकायला दोन्ही तुकडे सारखेच. मागे एका विद्यार्थिनीने निबंधात 'आप्रे क' नंतर टोपी दिली होती. मी लाल खूण केली तर तिने एक छापील फ्रेंच पुस्तक आणून दाखवलं, त्यातही टोपी होती. तिचं निरीक्षण खरं होतं. फ्रेंच लोकही ही चूक सर्रास करतात आणि ती छापूनही येते. तरी व्याकरणाचा नियम तसाच आहे, आणि परीक्षेत त्याचेच गुण मिळतात.

आणखी एक त्रिकूट सांभाळायचं आहे, दव्वारचं. पार्तिसिप 'द्यु' टोपीचं आणि टीशिवाय, पासे सँप्ल 'द्यु' टीसह आणि बिनटोपीचं, अँपार्फे द्यु सब्जोंक्तिफ 'द्यु' टोपी आणि टी दोन्हींसह. कानाला काहीच फरक नाही.

फिनीरची दोन्ही सब्जोंक्तिफ सारखीच कशी?

हो, सारखीच. 'क झ फिनीस' हे प्रेझाँही (वर्तमानाचं सब्जोंक्तिफ) आहे आणि अँपार्फेही. झ, त्यु, नू, व्हू आणि अनेकवचनी इल, पाचही ठिकाणी एकच स्पेलिंग. फक्त एकवचनी इल वेगळा: प्रेझाँ 'किल फिनीस', अँपार्फे 'किल फिनी', टोपीसह. आणि 'नू फिनिसियों' तर साध्या अँपार्फे द लँदिकातिफमध्येही तेच आहे. दुसऱ्या गटातली, म्हणजे फिनीरसारखी, सगळी क्रियापदं अशीच वागतात. काळ कुठला ते मुख्य वाक्यावरून ठरवायचं.

स्पेलिंगमधल्या खाचाखोचा?

माँझेमध्ये जीनंतरचा ई सोडायचा नाही आणि कोमाँसेमध्ये सीखालची सेदीय ही शेपटी सोडायची नाही, कारण पुढे ए येतो आणि त्या खुणा नसतील तर उच्चार बदलेल. आईर म्हणजे द्वेष करणं. त्याच्या आयवर आधीच दोन टिंबं असतात, त्यामुळे टोपीला जागाच उरत नाही. तिथे पासे सँप्ल आणि सब्जोंक्तिफ अगदी एकसारखे लिहिले जातात.

कोणत्या क्रियापदांना हे रूप नाहीच?

ज्यांना पासे सँप्ल नाही त्यांना: क्लोर, फ्रीर, त्रेर आणि त्रेरच्या घरातली एक्स्त्रेर, दिस्त्रेर वगैरे.

आज कुणी हे बोलतं का?

बोलत नाही. बोलण्यातून पासे सँप्लच गेलं, 'झे पार्ले' सारख्या पासे कोंपोझेने त्याची जागा घेतली. ज्याच्यावर हे रूप उभं होतं तेच गेल्यावर ते एकटं कसं टिकणार?

दुसरं कारण आवाजाचं आहे. 'आसास', 'आसियों', 'आसिए' ही शेपटं फ्रेंच कानाला जड वाटतात. आसासिने, म्हणजे खून करणं, या क्रियापदाचं रूप 'झासासिनास' होतं, त्यात सकारच सकार. शिवाय पुष्कळ रूपं भलत्याच शब्दांशी जुळतात. पुव्वारचं 'प्युस' म्हणजे पिसू ऐकू येतं. फेरचं 'फिस' ऐकताना मुलगा, तर व्वारचं 'व्हिस' ऐकताना स्क्रू. साव्वारचं 'स्युस' ऐकलं तर चोखण्याचं क्रियापद कानावर पडतं. अशी रूपं टाळता टाळता माणसं सगळंच टाळू लागली. टिकलं ते एकवचनी इलचं रूप, कारण त्यात हा स-स नाही. आजचे लेखकही 'फ्यु', 'यु', 'प्यु', 'व्हँ' अजून लिहितात आणि ते कुणाला खटकत नाही.

मग सरकारी नियम काय म्हणतो?

सूट फार जुनी आहे. २६ फेब्रुवारी १९०१ च्या शिक्षणमंत्र्यांच्या आदेशाने, मुख्य क्रियापद कोंदिसिओनेल प्रेझाँमध्ये (संकेतार्थी वर्तमानात) असेल तर पोटवाक्यात प्रेझाँ द्यु सब्जोंक्तिफ चालेल, परीक्षेत चूक धरायची नाही, असं ठरलं. २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने ती सूट मुख्य क्रियापद भूतकाळात असतानाही मिळाली. म्हणजे तुम्ही 'झ स्वेते किल व्हिएन' लिहिलंत तर ते ढिलं फ्रेंच नाही, मान्य फ्रेंच आहे.

परीक्षेसाठी लागेल का?

बी-टूपर्यंतच्या डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेला हे रूप स्वतः वापरायची गरज पडत नाही. बारावीला फ्रेंच घेतलं असेल तरी याची काळजी करू नका. साहित्याचा अभ्यास किंवा भाषांतर करणार असाल तर वाचून ओळखता आलंच पाहिजे. माझं स्पष्ट मत सांगते: निबंधात उगाच 'क नू युसियों' घालू नका. परीक्षकाला त्यात ज्ञान दिसत नाही, कोणत्या प्रसंगाला कोणती भाषा हे न कळल्याचं दिसतं. रोजच्या पत्रात बखरीतलं 'करिते झाले' लिहिण्यासारखं ते होतं.

'की ल्यु क्र्यु' सारख्या वाक्यांत आधी भूतकाळ नाही, तरी हे रूप का?

कारण या रूपाचं दुसरंही एक काम आहे, आपल्या 'असता-असती'चं. 'की ल्यु क्र्यु?' म्हणजे 'कुणाला खरं वाटलं असतं?' इथे 'यु' आणि पार्तिसिप मिळून कोंदिसिओनेल पासेचं काम करतात. साध्या भाषेत तेच 'की लोरे क्र्यु'.

असे काही जुने साचे बोलण्या-लिहिण्यात तसेच राहिले आहेत. 'न फ्युस क' म्हणजे 'निदान एवढं तरी'. गंमत म्हणजे इथला 'फ्युस' हा 'फ्यु' आणि 'स' असे दोन शब्द जोडून झाला आहे, तरी ऐकायला एत्रचं 'झ फ्युस' आणि हा एकच. 'द्युसेझ' म्हणजे 'मला काहीही करावं लागलं तरी'. त्यातल्या ईवर डावीकडून चढणारा अ‍ॅक्साँ की उजवीकडून, यावर १९९० च्या सुधारणांनी मत बदललं, म्हणून दोन्ही स्पेलिंगं दिसतात. 'प्ल्यु तो सिएल' म्हणजे 'देवाने तसं केलं असतं तर'. हे 'प्ल्यु' प्लेर, म्हणजे आवडणं, या क्रियापदाचं आहे. प्लव्वार म्हणजे पाऊस पडणं, त्याचंही रूप हेच होतं, पण इथे पावसाचा काही संबंध नाही.

सराव कसा करू?

कोष्टकं उतरवून काढण्यापेक्षा एक वाक्य घ्या आणि त्याचे पदर सोडवा. वर्गात मी हे वाक्य देते: 'इल आताँदी क ल त्रँ पार्ती, साँ केल स र्तुर्ना.' गाडी सुटेपर्यंत तो थांबला, ती एकदाही मागे वळली नाही.

'आताँदी' मुख्य क्रियापद, पासे सँप्ल, बिनटोपीचं. 'पार्ती'वर टोपी, कारण 'आताँद्र क'च्या मागे सब्जोंक्तिफ येतं. 'र्तुर्ना'वर टोपी आणि शेवटी टी, कारण 'साँ क'. तीन क्रियापदं, आणि टोपी नेमकी त्याच दोघांवर आहे जी दुसऱ्याच्या आधाराने आली आहेत. आता हेच आजच्या बोलीत म्हणा: 'इला आताँद्यु क ल त्रँ पार्त, साँ केल स र्तुर्न.' पासे सँप्लचं पासे कोंपोझे झालं, दोन्ही अँपार्फेंचं प्रेझाँ. रोज एका पानावर असं जुन्यातून नव्यात करा. दोनतीन आठवड्यांत डोळा आपोआप टोपीवर थांबायला लागतो.

उलट दिशेनेही करून पाहा, पण फक्त इलच्या रूपात.

मला पोर्तुगीज येतं. त्याचा उपयोग होईल?

पुष्कळ. गोव्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी आजीआजोबा पोर्तुगीज बोलायचे, त्यांना हे रूप शिकवावंच लागत नाही. पोर्तुगीजमधलं 'फालास', 'फोस', 'व्हिएस' आणि फ्रेंचमधलं 'पार्लास', 'फ्युस', 'व्हँस' एकाच लॅटिन साच्यातून निघाले आहेत, लॅटिनमधल्या प्ल्यु-क-पार्फे द्यु सब्जोंक्तिफमधून. इटालियनमध्येही तो साचा जिवंत आहे.

फरक एवढाच की पोर्तुगीजमध्ये हे रूप आजही स्वयंपाकघरात बोललं जातं. 'मी श्रीमंत असतो तर' म्हणायचं तर 'से एउ फोस रिकु' याशिवाय साधा पर्याय नाही. फ्रेंचमध्ये मात्र इथे सावध राहा: आजच्या फ्रेंचमध्ये 'सी' नंतर साधं अँपार्फे येतं, 'सी झेते रीश'. पोर्तुगीजच्या सवयीने 'सी झ फ्युस' तोंडात येतं, आणि या मुलांची माझ्या वर्गात होणारी ही एकमेव चूक आहे.